लाईन बंद होती

१२ नोव्हेंबर २०२५

विनोद,

मायना शोधत बसत नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे.

संस्कृती दहावीला आहे. बाकी विषयांत बरी आहे, पण विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा धडा उघडला की तिच्या पोटात कळ येते. सोंग नाही, मी बघितलं आहे. परवा शाळेत तारा जोडायचं प्रॅक्टिकल होतं, साधे दोन सेल आणि एक छोटा दिवा, तर ही वर्गाबाहेर जाऊन ओकली. बाप तारेला चिकटलेला पोरीने बघितला, तिला त्या तारा हातात कशा धरवतील? बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, घरात ह्यातलं जाणणारं कुणी असेल तर त्याच्याकडून सावकाश समजून घेऊ दे. घरात जाणणारे होते ते पोलावर गेले. उरलास तू, तिचा मामा.

फोन करणार नाही. तुला माहीत आहे का ते. पालखी बसते त्या सहाणेवर देवासमोर नारळ हातात घेऊन मी म्हटलं होतं, ह्याचा शब्द पुन्हा कानावर घेणार नाही, ह्याने वाडीत पाय ठेवला तर देवाने बघून घ्यावं. शेजारच्या आप्पांनी मानकरी म्हणून गाऱ्हाणं घातलं आणि सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणाली. देवापुढे बोललेलं मी मोडत नाही. पण मी कानावर म्हटलं होतं, कागदाचं काही म्हटलं नव्हतं. तेव्हा लिहून पाठव. ती मनातल्या मनात वाचेल. मोठ्याने वाचू देणार नाही.

गणितं तिने सोबत लिहिली आहेत. खेडला तू पंपांच्या मोटारी बांधायच्या दुकानात आहेस असं कळलं. म्हणजे तांब्याच्या तारेतच दिवस जातो तुझा. मग हे तुला जड नाही.

माफ केलं असं समजू नकोस. तू म्हणालास "बंद केली, चढा," आणि ते चढले. त्यानंतर बोर्डाचे साहेब आले, पोलीस आले, मी तुझी कॉलर धरली, तरी तुझं एकच. लाईन बंद होती, लाईन बंद होती. बंद होती तर माझं माणूस कशाने मेलं? वाडीतले म्हणतात त्या पोलाखाली जागा वाईट आहे, तिथल्या भुताने धरलंन. मी तसलं मानत नाही. मी तुला मानते.

बटाटे उकडत ठेवलेत. आटपते.

वैजयंती


३० नोव्हेंबर २०२५

विनोद,

गणितं मिळाली. एसटीच्या कंडक्टरने पाकीट चुरगाळून दिलं, पुढच्या वेळी पुठ्ठा घाल.

तू ते पाण्याच्या पाइपाचं लिहिलंस ते तिला कळलं. एकामागे एक जोडले तर अडथळा वाढतो, शेजारी शेजारी जोडले तर कमी होतो. मला म्हणाली, आई, पायऱ्यांची पाखाडी एकच असली की सगळी माणसं एकामागे एक अडकतात, दोन पाखाड्या असल्या की मोकळी होतात, तसं. मी म्हटलं, बरं, म्हणजे एवढंच होतं तर ओकत काय होतीस?

आता घरात काम करू देत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आहे काहीतरी. डाव मुठीत धरायला लावते, अंगठा वर. "आई, अंगठा म्हणजे करंट जातो ती दिशा. तुझी बोटं वळलीत ना, तसं चुंबकाचं बळ तारेभोवती फिरतं." मी म्हटलं, माझ्या डावाभोवती कुळथाच्या पिठीची वाफ फिरते आहे, बाजूला हो. तर हसली. ह्या धड्यावर हसली. म्हणून तुला कळवते.

एक प्रश्न तिला अडला आहे, तिच्याच शब्दांत उतरवते. दोन वेटोळी शेजारी ठेवली, एकमेकांना चिकटलेली नाहीत. पहिल्यात करंट चालू-बंद केला की दुसऱ्याचा काटा हलतो. मग दुसऱ्यात करंट सोडला तर पहिल्याचा हलेल का? पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणते. मला काही कळलं नाही, तू कळवून टाक.

आणखी एक लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार, आणि तुझं मत मला नकोच आहे, नुसतं ऐकून घे.

माजघरातला तो पिवळा बल्ब आठवतो? ह्यांनी लावलेला, चाळीसचा. सगळीकडे पांढरे दिवे आले, तो मी काढू दिला नाही. हे गेल्यापासून वाडीतली लाईट गेली की तो बल्ब लागतो. पुरा नाही. आतली तार तेवढी लाल होते, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. सगळी वाडी काळोखात आणि माझ्या माजघरात ती लाल तार. दर वेळी नाही. कधी कधी. आणि हे थोडाच वेळ असतात, मग जातात.

मी त्याचं बटण कधी बंद करत नाही. लाईट गेली की हातातलं टाकून त्या बल्बाखाली जाऊन बसते. दिवसभराचं सांगते. पोरीचं सांगते. घाई करावी लागते, कारण थांबत नाहीत. जिवंत होते तेव्हाही असेच, जेवायला बसले की कुणाचा तरी फोन यायचा, तार तुटली.

पहिल्यांदा भ्याले होते. आता लाईट गेली नाही तर बरं वाटत नाही.

संस्कृतीला ह्यातलं सांगितलेलं नाही. तिला वाटतं आई देवाचं करते.

वैजयंती


२१ डिसेंबर २०२५

विनोद,

काय लिहिलंस तू त्या पोरीला?

मी बघितलं पत्र. बाकी गणितं चांगली दोन पानं भरून, आणि त्या वेटोळ्यांच्या प्रश्नापुढे नुसतं "हो, हलेल." खाली अर्धं पान कोरं. तुला चार ओळी जास्त लिहायला झालं काय होतं? पोरगी ते कोरं पान धरून बसली. जेवली नाही. मग मला विचारते, "आई, बाबा गेले तेव्हा आप्पांचा जनरेटर चालू होता?"

मी म्हटलं, वादळ होऊन गेलेलं, आठ दिवस लाईट नव्हती, सगळ्यांना ठाऊक आहे चालू होता. आम्ही सगळे तिथेच फोन चार्ज करत होतो. त्याचं काय?

मग तिने समजावलं. डीपीच्या, म्हणजे त्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, आत दोन वेटोळी असतात. मोठ्या लाईनची जबर वीज एका वेटोळ्यात येते, दुसऱ्यातून बारीक होऊन घरात जाते. "पण मामा म्हणतात उलटं पण होतं. घरातून कुणी वीज सोडली तर ती डीपीतून जाताना मोठी होते आणि वरच्या तारेत चढते. तिकडे स्विच बंद असला तरी. आई, मामांनी लाईन बंद केली असेल. खरंच केली असेल."

मी तिच्या तोंडात मारली.

आप्पांच्या पाहुण्यांच्या खोल्यांवर मी जेवण करते. गणपतीपुळ्याहून येणारी माणसं आमच्या हातचे बांगडे खातात म्हणून आमची चूल पेटते. हे गेले तेव्हा तू खेडला पळालास, आणि आप्पा दारात उभे होते, तांदूळ घेऊन. दहा दिवस माझ्या घरात विस्तव पेटला नाही, आप्पांकडून ताटं आली. त्या माणसाविषयी माझ्या पोरीच्या डोक्यात असलं भरू नकोस. त्यांच्या जनरेटरचा आणि माझ्या बल्बाचा काही संबंध नाही.

आता वरचं वाचते आहे तर बल्बाचं कुणी काही म्हटलंच नव्हतं. तूही नाही, तीही नाही. राहू दे. खोडत नाही.

गणितं पाठवायची तर पाठव, नाहीतर नको.

वैजयंती


९ जानेवारी २०२६

विनोद,

तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस.

मला आधीपासून ऐकू येत होतं. बल्ब लाल होण्याआधी दर वेळी खालच्या अंगाला आप्पांच्या खोपीत त्यांचा गडी रावजी जनरेटरची दोरी ओढतो. दोनतीनदा खोकतो तो जनरेटर, मग धरतो. मग बल्ब लागतो. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मला वाटायचं, तो आवाज त्यांचा आणि हा बल्ब माझा.

मंगळवारी संध्याकाळी लाईट गेली. मी आप्पांच्याच स्वयंपाकघरात होते, कढीसाठी सोलं भिजत घातलेली. आप्पा बागेत. खोल्यांवर पुण्याचं एक कुटुंब, ती माणसं आरे-वाऱ्याला समुद्रावर गेलेली. रावजीने दोरी ओढली. मी बघत राहिले तो काय करतो. त्याची रीत बघ तू. आधी जनरेटर चालू करतो. मग हात पुसतो. मग तंबाखू मळतो. मग घराला वळसा घालून पुढच्या पडवीत जातो आणि तिथला मेन पाडतो. मेन पाडला की घर बाहेरच्या तारेपासून तुटतं. तोवर जनरेटरची वीज बाहेर वाहते आहे, एवढी पातळ होऊन की वाडीतले पांढरे दिवे लागत नाहीत, जुन्या बल्बाची तार तेवढी लाल होते. तंबाखू मळून होईपर्यंत. तेवढा वेळ माझा नवरा माझ्या घरात बसतो.

मी रावजीला म्हटलं, मेन मी बघते, तू पाण्याची मोटर बघ. "बरं वयनी," म्हणाला आणि गेला. मी पडवीत आले. तिथून दगडी गडग्यापलीकडे आमचं दार दिसतं. संस्कृतीला हाक मारली, माजघरात जा आणि बल्ब बघून ओरड. ती म्हणाली, कुठला बल्ब? मग तिची हाक आली, घाबरलेली. "आई, हा लागलाय! लाईट नसताना लागलाय!"

मी मेन पाडला.

"विझला!"

वर केला.

"लागला!"

पुन्हा पाडला. पुन्हा विझला. पुन्हा वर करायला हात गेला आणि तिथेच थांबला. लाईट गेली आहे म्हणजे विनीत कुठेतरी पोलावर असणार. ह्यांच्या जागी आलेला पोरगा तो, लग्नाला वर्ष झालं नाही. मी इथे खटका वरखाली करून नवऱ्याला बोलावते आहे आणि तिकडे तो तारेला हात लावतो आहे. धावत रस्त्यावर गेले. विनीत वरच्या कातळावर दुसऱ्याच लाईनवर होता, खाली बसून डबा खात होता. म्हणाला, "काय काकी, धापा टाकताय?" मी म्हटलं, चढण्याआधी अर्थिंगची साखळी टाकतोस ना रे तारांवर? "टाकतो की. तुमच्याकडचं ऐकल्यापासून कोण सोडतो?"

साखळी तुम्ही दोघांनी पण टाकायला हवी होती. एक जरी तारेवर टाकली असती तर वर काय आहे ते कळलं असतं. ते तुझं तुझ्यापाशी.

घरी आले तर संस्कृती बल्बाखाली बसली होती. काळोखात. म्हणाली, "तू ह्याच्याशी बोलायचीस?" मग ती सरकली आणि मला जागा केली.

विनोद, दोनदा विझवलं मी त्यांना. माझ्या हाताने. पोलावर गेले तेव्हा तरी मी तिथे नव्हते.

वैजू


१८ जानेवारी २०२६

विनोद,

तू मूर्ख आहेस. लहानपणी होतास, अजून आहेस.

आप्पांना विचारलं. मोहोरावर फवारणी करून आलेले, अंगणात पंप धूत होते. त्या जनरेटरची वायर आहे ना, दोन्ही तोंडांना पिना असलेली, एक जनरेटरात आणि दुसरी घरातल्या प्लगात, ती हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"आप्पा, ही कुणी केली?"

पंप धुवायचा थांबवला नाही. "तुझ्या घोवानं."

"कधी?"

"त्या वादळाच्या आदल्या आठवड्यात. म्हणाला, आप्पा, आता हिच्यावर भागवा, खटका मागाहून आणून बसवतो. मेन पाडल्याबिगर चालू करू नका, असं रावजीला बजावून सांगितलंन. चांगलं सांगितलंन गो. रावजी विसरतो."

"विनोद होता?"

"बॅटरी धरून उभा होता."

मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

तेव्हा पंप खाली ठेवला. "तेराव्याला. रावजी रडत आला. म्हणाला, त्या दिवशी मेन पाडायचा राहिला."

"सहाणेवर नारळ तर तुम्ही माझ्या हातात नंतर दिलात."

"विनोदला मी आधी विचारलं, बाय. तो म्हणाला, तिला कळलं की वायर भावोजींच्याच हातची, तर ती त्यांच्यावर चिडेल. मेलेल्या माणसावर चिडून ती जगायची नाय. माझ्यावर चिडू दे." आणि मग आप्पा म्हणतात, "मला वाटलं, भाऊ बहिणीचं बघतो हाय. मी मधे कोण?"

मधे कोण! नारळ देणारा तो, गाऱ्हाणं घालणारा तो, आणि मधे कोण!

तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत मी कुणावर चिडायचं ते. मला कुणी विचारलं? माझं माणूस, माझा राग, आणि वाटप तुम्ही केलंत. आई गेली तेव्हा मी तुला कडेवर घेऊन फिरवलं, मला अंघोळीला जायला मिळायचं नाही तुझ्यापायी, आणि तू माझ्यापेक्षा शहाणा? तोंड नव्हतं तुला? लाईन बंद होती म्हणायला तोंड होतं, आणि पुढचं वाक्य गिळायला पण तेच तोंड?

आणि मला चिडता येतं त्यांच्यावर, हे सांगून ठेवते. आठ दिवस तेच करते आहे. ताट वाढताना चिडते, विहिरीवर चिडते. खटका मागाहून बसवतो म्हणे. घरचे कडीकोयंडे मागाहून बसवायचे तसंच. जगते आहे की मी. मेले का?

ती वायर मी पिशवीत घातली. आप्पा म्हणाले, "अगो, लाईट गेली तर पाव्हणे काळोखात बसतील."

"बसू देत. समुद्राचा आवाज ऐकायलाच येतात ना?"

उद्यापासून कामावर येऊ का ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तर रावजी खोबरं किसत बसला होता. वर बघितलं नाही त्याने. म्हणाला, "वयनी, मला शिव्या घाला." मी म्हटलं, खोबरं जाड झालंय, बारीक कीस.

वैजू


१५ फेब्रुवारी २०२६

विनोद,

तुझं पत्र आलं. गणित नसलेलं पहिलंच. वाचलं, पुन्हा वाचणार नाही, देवापाशी ठेवलं आहे.

काल लाईट गेली. वायर माझ्याकडे, तेव्हा जनरेटर गप्प. मी सवयीने माजघरात गेले. बल्ब लागला नाही. लागणार नाही हे ठाऊक होतं, तरी बसले. किती काळोख असतो आमच्या घरात ते मला माहीतच नव्हतं, विनोद. चार वर्षं लाईट गेली की मी त्या लाल तारेकडे बघत होते, बाकी घर बघितलंच नव्हतं. संस्कृती शेजारी येऊन बसली आणि विजेच्या धड्याची उत्तरं पाठ म्हणायला लागली, मोठ्याने, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. अडली नाही. पोटात दुखलं नाही. मी मधे म्हटलं, एवढ्या काळोखात बापाचं काहीतरी बोल की. तर म्हणाली, "हे बाबांचंच आहे ना?"

मी तिचं ते ऐकत राहिले आणि मनात हेच, की ती लाल तार त्यांच्याच हातच्या वायरीने लागत होती. म्हणजे येत तेच होते. आणि त्याच वाटेने गेलेही होते. ह्याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

आता शिमग्याचं. संस्कृतीचा पेपर कधी आहे ते बघून तिने तुला वेगळं लिहिलं आहे, ते तुमचं तुम्ही बघा. डाव्या हाताचा नियम मोटारीचा की जनरेटरचा, तिथे तिचा अजून घोळ होतो, तेवढं लगेच कळव.

पालखी सहाणेवर बसेल तेव्हा मी उभी राहणार आहे. आप्पांना सांगितलं, ज्या तोंडाने बांधलंत त्याच तोंडाने सोडवा. ते म्हणाले, वाडीसमोर सगळं सांगावं लागेल. म्हटलं, सांगा. रावजीचं सांगा, तुमचं सांगा. आप्पांनी हातातल्या कोयतीची धार अंगठ्याने बघितली. मग म्हणाले, "आणि दत्तारामाचं?" ह्यांचं नाव त्यांनी इतक्या वर्षांत माझ्यासमोर घेतलं नव्हतं. मी म्हटलं, ते मी सांगणार. पोलाखाली दर अमावास्येला लोक नारळ फोडतात, वाईट जागा म्हणून. पोरं तिथून जाताना थुंकतात. माझा नवरा म्हणजे वाईट जागा नव्हे. चांगला वायरमन होता, घाई करायचा. एवढंच होतं ते. ह्यांना माझा राग आला तर येऊ दे. सांगायला यायचं तर आता बल्ब नाही.

आप्पा गाऱ्हाणं घालतील असं वाटतं. नाही घातलं तर मी घालीन. बायका घालत नाहीत, मला ठाऊक आहे. बघू कोण अडवतो.

येताना खेडहून तो खटका घेऊन ये, जनरेटर आणि लाईन एका वेळी लागणारच नाहीत असा. आप्पांच्या घरात तू बसवायचास. ह्यांचं राहिलेलं काम आहे.

एसटीने वरच्या थांब्यावर उतर. वाडीच्या गडग्याच्या आत पाय ठेवू नकोस. देवापुढे बोललेलं आधी सोडवू दे, उगाच घाई नको, घाईने आपल्या घरात काय झालं ते बघितलंस. वडाखाली थांब. गाऱ्हाणं झालं, वाडीने "व्हय म्हाराजा" म्हटलं की मी तुला हाक मारीन. पुष्कळ दिवसांत मारलेली नाही, माझा आवाज कसा निघेल सांगता येत नाही. ओ दे.

मग आत ये आणि सगळ्यांदेखत ते तुझं एकच वाक्य म्हण.

ऐकते.

तुझी ताई,
वैजू